लिंबोणीवरील राणी पाकोळी
(परिसर अभ्यास शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

इयत्ता चौथीच्या वर्गात 'फुलपाखराच्या अवस्था किती व कोणत्या?' असा प्रश्न विचारला असता बहुतेक मुले 'अंडे, अळी, कोश आणि फुलपाखरू' असे एका सुरात सांगतात. उत्तर बिनचूक असते. परंतु त्याच मुलांना आवारातील लिंबोणीपाशी नेऊन पानावरील हिरवी अळी दाखविली, तर पुष्कळशी मुले 'किडा, किडा' म्हणून मागे सरतात, आणि एखादा धीट मुलगा ती काडीने खाली पाडून पायाखाली चिरडतो. तोंडाने म्हटलेली अळी आणि पानावर बसलेली अळी एकच होय, ही गोष्ट त्याच्या मनापर्यंत पोहोचलेलीच नसते. शाळाभेटींत हा अनुभव वारंवार येतो. यावरून एवढेच सिद्ध होते की, फुलपाखराचा पाठ फळ्यावर पुरा होत नाही. तो झाडापाशीच पुरा व्हावा लागतो.

हा पाठ झाडापाशी कसा घ्यावा, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेखात राणी पाकोळी हे आपल्या राज्याचे फुलपाखरू उदाहरणादाखल घेतले आहे.

ओळख

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, हरियाल हा राज्यपक्षी, आंबा हा राज्यवृक्ष आणि ताम्हण हे राज्यपुष्प, हे मुलांना ठाऊक असते. इ. स. २०१५ मध्ये या मालिकेत एका फुलपाखराची भर पडली. राज्यफुलपाखरू ठरविणारे महाराष्ट्र हे भारतातील पहिले राज्य होय. या फुलपाखराचे इंग्रजी नाव ब्ल्यू मॉर्मन आणि शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर असे आहे. मराठीत त्यास 'राणी पाकोळी' म्हणतात. 'नीलवंत' हे नावही आता रूढ होत आहे.

पंख पसरले असता याची रुंदी १२ ते १५ सेंटीमीटर भरते, म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहाताहूनही ते रुंद दिसते. पंखांचा रंग मखमली काळा असतो. पुढच्या पंखांवर निळसर पट्टे असतात, आणि मागच्या पंखांचा बाहेरचा मोठा भाग फिकट निळा असून त्यावर काळे ठिपके असतात. पंख मिटल्यावर खालच्या बाजूस, पंखांच्या मुळाशी, तांबडे ठिपके दिसतात. अनेक पॅपिलिओ फुलपाखरांना मागच्या पंखांस शेपटी असते, तशी यास नसते. नाव जरी 'राणी' असले, तरी अधिक झळाळता निळा रंग असतो तो नराचा. मादीचा निळा रंग फिका व करडेपणाकडे झुकणारा असतो.

याचे मूळ घर म्हणजे पावसाचे अरण्य. सह्याद्री, दक्षिण भारत व श्रीलंका येथील दाट झाडीत ते राहते, आणि पूर्व किनाऱ्याच्या काही भागांतही आढळते. ओढ्याकाठची वाट, राईतील मोकळी जागा, अरण्याची कड या जागा त्यास विशेष आवडतात. पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत ते अधिक दिसते. त्याचे उड्डाण वेगाचे व वेडेवाकडे असून फुलावर बसल्यावरही पंखांची फडफड चालूच राहते. नर पुष्कळदा ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर सोंड टेकून बसलेले आढळतात. मुलांना वाटते की, ते पाणी पीत आहेत. वस्तुतः त्यांना त्या पाण्यातील क्षार हवे असतात. फुलातील मधुरसात साखर पुष्कळ असते, परंतु क्षार फार थोडे असतात. ती उणीव ओल्या मातीतून भरून निघते.

माता पान कसे ओळखते?

फुलपाखरू अनेक प्रकारच्या फुलांवर जाते, परंतु अंडी मात्र वाटेल त्या झाडावर घालीत नाही. पाठाचा गाभा हाच आहे. राणी पाकोळीची मादी अरण्यात माकडलिंबूसारख्या झाडांवर आणि वस्तीजवळ लिंबू, पपनस यांवर अंडी घालते. ही सर्व झाडे एकाच कुळातील आहेत.

मादी पानाजवळ येते, क्षणभर पानावर टेकते, पुढच्या पायांनी पानावर भराभर ठोके देते आणि उडून जाते. असे अनेक पानांवर करीत ती फिरते. फुलपाखराच्या पायांत चव ओळखण्याची इंद्रिये असतात. पान योग्य चवीचे लागले, म्हणजेच ती पोटाचे टोक वाकवून एकच गोल, फिकट अंडे पानावर चिकटविते आणि पुढे जाते. अळीला दुसरे झाड शोधण्याची शक्ती नसते. माता चुकली, तर अळी उपाशी मरते.

या कुळाची झाडे मुलांनाही ओळखता येतात. लिंबाचे पान सूर्याकडे धरून पाहावे. त्यात सुईने टोचल्यासारखे असंख्य पारदर्शक ठिपके दिसतात. ती सुगंधी तेलाची सूक्ष्म कोठारे होत. पान चुरगळताच येणारा वास त्या तेलाचाच. बेलाचे व कढीलिंबाचे पान असेच धरून पाहावे. तेथेही ठिपके दिसतील व वास येईल. कारण बेल, कढीलिंब व लिंबू ही एकाच कुळातील भावंडे आहेत. कडुलिंबाचे पान मात्र या परीक्षेत उतरत नाही. नावात 'लिंब' असले, तरी त्याचे कूळ निराळे. नावाच्या साम्यावर विसंबू नये, वस्तू पाहून ठरवावे, हा धडा मुलांना येथे आपोआप मिळतो.

अळीचे दिवस

ऋतुमानाप्रमाणे चार-पाच दिवसांत अंड्यातून इवलीशी अळी बाहेर पडते. बहुधा ती प्रथम आपल्या अंड्याचे रिकामे कवच खाते आणि मग कोवळ्या पानाकडे वळते. लहानपणी तिचा रंग काळपट-तपकिरी असून त्यावर पांढरे डाग असतात. पानाच्या मध्यभागी ती निश्चल बसून राहते. पाहणाऱ्यास वाटते की, पाखराची विष्ठा पडली आहे. पक्षी आपली विष्ठा खात नाहीत. म्हणून हे सोंग तिचे प्राण वाचविते.

अळीची कातडी फारशी ताणत नाही. शरीर वाढून ती अपुरी पडली, म्हणजे अळी कात टाकते. अशा चार काती टाकल्यावर ती पाचव्या व शेवटच्या वयात येते. आता ती पाखराच्या विष्ठेएवढी लहान राहिलेली नसते. जुने सोंग निरुपयोगी ठरते. म्हणून तिचा वेषही पालटतो. ती पानासारखी हिरवी होते व तिच्या अंगावर पांढरट पट्टे उमटतात. पुढचा भाग फुगीर असून त्यावर डोळ्यांसारख्या खुणा असतात. मुले त्यांनाच डोळे समजतात, परंतु खरे डोके लहान असून खाली दडलेले असते. तिला डिवचले, तर डोक्यामागून दुबेळक्यासारखे दोन फाटे असलेले मऊ शिंग बाहेर येते व उग्र वास सुटतो. मुंग्या व लहान शत्रू त्यामुळे दूर राहतात. मुलांना हे एकदा दाखवावे; पुनःपुन्हा डिवचू देऊ नये.

येथे एका शब्दाची फोड करावी. अंगभर केस असलेल्या, स्पर्शाने खाज आणणाऱ्या अळीस आपण 'सुरवंट' म्हणतो, आणि मुलांची भीती मूळची त्या सुरवंटाची असते. लिंबोणीवरील अळी गुळगुळीत असते. ती चावत नाही, डसत नाही, आणि तिच्या स्पर्शाने खाजही येत नाही. शिक्षकाने ती स्वतः पानासह हातावर घेऊन दाखविली, तर पुढील अर्धे काम झाले.

कोश विणला जात नाही

'अळी आपल्याभोवती धाग्यांचा कोश विणते' असे वर्गात सर्रास सांगितले जाते. रेशमाच्या किड्याविषयी हे खरे आहे. तो पतंगवर्गातील आहे. राणी पाकोळीच्या अळीविषयी ते खरे नाही. पूर्ण वाढलेली अळी खाणे थांबविते, पोटातील घाण टाकून देते आणि योग्य काटकी शोधते. तेथे ती रेशमाची छोटी गादी करून शेपटीकडील टोक तीत अडकविते, आणि कमरेभोवती एकच बारीक धागा आधारास घेते. नारळाच्या झाडावर चढणारा मनुष्य कमरेस दोर बांधून मागे रेलतो, तशी ती दिसते. दुसऱ्या दिवसाच्या सुमारास तिची कातडी शेवटची फाटून गळून पडते व आतून कोश प्रकट होतो. म्हणजे कोश हे बाहेरून विणलेले घर नव्हे. ते त्या जिवाचेच अंग होय.

आत काय घडते? अळीच्या शरीरातील पुष्कळसा भाग मोडून विरघळतो, आणि तिच्या अंगात आरंभापासून बीजरूपाने असलेल्या सूक्ष्म पेशीसमूहांतून पंख, लांब पाय, सोंड व मोठे डोळे घडतात. पाने कुरतडणारे तोंड जाऊन मध शोषणारी नळी येते. सुमारे दोन आठवड्यांनी कोश गडद होतो, आतील पंखांचा रंग झळकू लागतो, आणि एके सकाळी कवच फाटून फुलपाखरू बाहेर येते. त्या वेळी त्याचे पंख ओल्या कापडासारखे चुरगळलेले असतात. ते उलटे लटकून पंखांच्या शिरांत शरीरातील द्रव भरते. पंख ताणले जातात व हळूहळू वाळतात. या वेळी दयाबुद्धीने कोश सोलू नये अथवा पंख बोटाने उलगडू नयेत. अशा मदतीने फुलपाखरू जन्माचे पांगळे होते. पंखांवरील जी भुकटी बोटास लागते, ती रंगीत खवल्यांची असते. एकदा गळलेले खवले पुन्हा येत नाहीत.

सर्वच अळ्या इथवर पोहोचत नाहीत, हेही मुलांपासून लपवू नये. काही अळ्यांच्या अंगात चिमुकल्या गांधीलमाश्या अंडी घालतात. त्यांची पिल्ले अळीस आतून खातात, आणि पुढे मेलेल्या अळीजवळ तांदळाच्या कणीएवढे कोश दिसतात. मुले हळहळतील. त्यांना सांगावे की, प्रत्येक अंड्याचे फुलपाखरू झाले असते, तर लिंबोणीवर एकही पान उरले नसते.

हे ज्ञान कोणी मिळविले?

या ज्ञानाचा बराच भाग शाळा-महाविद्यालयांच्या बाहेर, झाडापाशी बसून मिळविलेला आहे. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकर्ती इ. स. १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आपल्या मुलीसह दक्षिण अमेरिकेतील सुरिनामच्या अरण्यात गेली. तेथे तिने अळ्या पाळल्या, त्यांचे रूपांतर पाहिले, आणि इ. स. १७०५ मध्ये आपला सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. बहुतेक चित्रांत तिने अळी, कोश व फुलपाखरू ही एखाद्या वनस्पतीवर एकत्र दाखविली. कीटक आणि वनस्पती यांचा संबंध चित्रातूनच कळावा, ही त्या काळी नवी गोष्ट होती.

आपल्याकडील उदाहरण याहून जवळचे आहे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म इ. स. १८५१ मध्ये साताऱ्यास झाला. ते मिठाच्या व जकातीच्या खात्यात नोकरीस होते, आणि इ. स. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. मुलकी अधिकारी डेव्हिडसन व वनाधिकारी टी. आर. बेल यांच्यासह त्यांनी उत्तर कानड्याच्या अरण्यांतील फुलपाखरांच्या अळ्या व त्यांची झाडे यांचा अभ्यास केला. तो इ. स. १८९६ पासून त्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिघांपैकी एकाचेही काम प्राणिशास्त्र शिकविणे हे नव्हते. नोकरीचे काम सांभाळून, मुक्कामाच्या गावी अळ्या पाळून त्यांनी हे केले. खेड्यातील शिक्षकास या गोष्टीचा अर्थ अधिक सांगण्याची गरज नाही.

बागायतदाराचा प्रश्न

वर्गातील एखादा मुलगा विचारील, 'गुरुजी, बाबा तर या अळ्या मारायला सांगतात.' या प्रश्नास बगल देऊ नये. लिंबू व संत्री यांच्या रोपवाटिकेत या अळ्या, विशेषतः लिंबू-फुलपाखराच्या, कोवळी रोपे ओरबाडून टाकतात. तेथे त्या वेचून काढणे शेतकऱ्यास भाग पडते. वाढलेल्या झाडास मात्र दहापाच अळ्यांनी बाधा होत नाही. यास्तव पालकांच्या विरोधात मुलास उभे करू नये. शाळेच्या आवारात एक झाड अळ्यांसाठी राखून ठेवावे, आणि बागेतील अळी मारण्याऐवजी या झाडावर आणून सोडावी, एवढेच सुचवावे. अरण्यातील झाडोरा जसजसा तुटतो, तसतसे माकडलिंबूसारखे झाड कमी होते. अशा वेळी आवारातील एक लिंबोणीही राणी पाकोळीच्या उपयोगी पडते. फुलपाखरू राखणे म्हणजे त्याचे झाड राखणे.

पाठाचे टाचण

काळ : जून-जुलैत लागवड, ऑगस्ट ते ऑक्टोबर निरीक्षण.

साहित्य : लिंबू, पपनस किंवा कढीलिंब यांचे झाड, मच्छरदाणीचे जुने कापड, भिंग, निरीक्षणवही. झाड नसल्यास लिंबाच्या बिया कुंडीत पेराव्यात. रोप सहज उगवते. झाडावर औषध फवारू नये.

१. पूर्वतयारी : लिंबू, बेल, कढीलिंब व कडुलिंब यांची पाने मुलांकडून आणवावीत. उन्हाकडे धरून व चुरगळून त्यांचे दोन गट मुलांनीच करावेत.

२. विषयप्रवेश : 'पानाला भोके कोणी पाडली?' एवढाच प्रश्न विचारून मुलांना झाडापाशी न्यावे. उत्तर आधी सांगू नये. लिंबोणीच्या काट्यांविषयी मात्र अगोदर सावध करावे.

३. निरीक्षण : अळी शक्यतो झाडावरच राहू द्यावी व त्या फांदीस जाळीचे कापड सैल बांधावे. दररोज दोन मुलांनी पाळीपाळीने पाहून तारीख, अळीची लांबी, रंग व खाल्लेली पाने यांची नोंद करावी. चित्र काढताना पुस्तकातील नव्हे, समोरची अळी काढावी. अळीचे दिवस सामान्यतः तीन-चार आठवडे चालतात. एकशिक्षकी शाळेतही दिवसाची पाच मिनिटे यास पुरतात.

४. संकलन : फुलपाखरू बाहेर पडल्यावर वहीतील तारखांवरून प्रत्येक अवस्थेचे दिवस मुलांनी मोजावेत व तक्ता तयार करावा. गणिताचा तास येथे परिसर अभ्यासास येऊन मिळतो.

५. उपयोजन : फुलपाखरू सोडून द्यावे. टाचणीने टोचून संग्रह करू नये.

घाटमाथ्यावरील व कोकणातील शाळांना राणी पाकोळी मिळण्याचा संभव अधिक आहे. पठारावरील कोरड्या भागात बहुधा लिंबू-फुलपाखरू किंवा कॉमन मॉर्मन मिळेल. पहिल्याच्या काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके असतात. दुसऱ्याच्या काळ्या नराच्या मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. तिन्ही एकाच गोतातील असून त्यांच्या लहान अळ्या सारख्याच दिसतात. कोणते फुलपाखरू निघणार, हे मुलांनी आधी अंदाजाने वहीत लिहून ठेवावे, शिक्षकानेही लिहावे.

मुलांना विचारावयाचे प्रश्न

१. अळी एकाच कुळाच्या झाडावर का सापडते?
२. लहान अळी व मोठी अळी यांचे वेष निराळे का?
३. रेशमाच्या किड्याचा कोश आणि राणी पाकोळीचा कोश यांत भेद कोणता?
४. फुलझाडे पुष्कळ लावली, परंतु लिंबाच्या कुळातील एकही झाड उरले नाही, तर राणी पाकोळीचे काय होईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्या वर्गास स्वतःच्या शब्दांत देता येईल, त्या वर्गाचा पाठ पुरा झाला असे समजावे. वर्षअखेरीस निरीक्षणवही शाळेच्या दप्तरी ठेवावी. पुढील वर्षीच्या मुलांनी आपल्या नोंदी तिच्याशी ताडून पाहाव्यात, आणि झाडास पाणी घालण्याची पाळी त्यांच्याकडे सोपवावी.